शिवराई : घासावी की जपावी?

बृहन्महाराष्ट्रातील मराठी घरे गावापासून कितीही दूर गेली, तरी काही वस्तू त्यांच्याबरोबर आलेल्या असतात. देव्हाऱ्यातील टाक, तांब्याचे घंगाळ, लाल फडक्यात बांधलेली पोथी, आणि पुष्कळदा एखाद्या डबीत ठेवलेले काळपट-हिरवट, ओबडधोबड असे तांब्याचे नाणे. ‘ही आपली शिवराई’ एवढीच तिची ओळख घरात उरलेली असते. ती कोणत्या गावाहून आली, कोणी जपली, हे सांगणारी वडीलधारी मंडळी आता बहुधा हयात नसतात. मग दसरा-दिवाळीच्या आधी पूजेची उपकरणी घासावयास निघाली, की तीही त्यांच्यासोबत चिंचेच्या कोळात पडते. पाच मिनिटांत ती नव्या तांब्यासारखी लखलखू लागते आणि घरातील सर्वांना समाधान वाटते. त्या पाच मिनिटांत नेमके काय नाहीसे झाले, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम शिवराई म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक झाला. स्वतंत्र राज्याची जी लक्षणे मानली जात, त्यांत स्वतःच्या नावाचे नाणे हे एक प्रमुख लक्षण होते. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई अशी दोन नाणी महाराजांच्या नावाने पाडली गेली. होन वजनाने जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा. तो आज अतिशय दुर्मीळ आहे. शिवराई मात्र बाजारहाटाचे, भाजीपाल्याचे, रयतेच्या हातचे नाणे होते. तिच्या एका बाजूस ठिपक्यांच्या वर्तुळात तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र / पति’ अशी नागरी अक्षरे असतात. दख्खनेत त्या काळी बहुतेक नाण्यांवर फारसी मजकूर असे. त्या पार्श्वभूमीवर नागरी अक्षरांचे हे साधे नाणे म्हणजे एक घोषणाच होती, आणि ती घोषणा ज्याच्या कनवटीला दोन पैसे होते अशा प्रत्येक माणसापर्यंत पोहोचली.

नाण्याविषयी महाराजांची दृष्टी किती व्यवहारी होती, हे त्याच प्रसंगातील एका घटनेवरून दिसते. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन तहाची कलमे घेऊन रायगडावर आला होता. इंग्रजांचे नाणे महाराजांच्या मुलुखात चालावे, असे त्यांत एक कलम होते. त्यावरील उत्तराचा आशय असा होता, की कोणतेही नाणे चालण्यास आमची मनाई नाही. परंतु ज्यात रयतेचे नुकसान होईल ते नाणे घेण्याची सक्ती आम्ही करणार नाही. धातू आणि वजन चोख असेल तर ते आपोआप चालेल. नाण्याची खरी साक्ष त्याच्या धातूत आणि वजनात असते, हे सूत्र पुढील विवेचनात आपल्याला उपयोगी पडणार आहे.

महाराजांच्या पश्चात शिवराईचे आयुष्य संपले नाही. पुढच्या छत्रपतींच्या काळात आणि पेशवाईतही ती पाडली जात राहिली. उत्तरकाळातील एका प्रकारात ‘छत्र’ आणि ‘पति’ या अक्षरांच्या मधे दोन आडव्या रेघा येतात. त्यावरून तिला ‘दुदांडी शिवराई’ हे नाव पडले. १८१८ साली पेशवाई बुडाली, तरी दख्खनच्या बाजारात शिवराईच चालत होती. लोकांचा विश्वास तिच्यावर होता. कंपनी सरकारने १८३५ मध्ये आपल्या सर्व मुलुखासाठी एकसारखी नाणी सुरू केली, आणि तरीही खेड्यापाड्यांतून शिवराई पुढे कित्येक दशके हातोहात फिरत राहिली. हळूहळू मात्र ती व्यवहारातून गेली. चलनातून बाद झालेल्या तांब्याला मोडीचा भाव तेवढा उरतो. असंख्य शिवराया वितळल्या गेल्या असल्या पाहिजेत. ज्या वाचल्या, त्यांतील काही शेतात नांगराच्या फाळाला लागून वर आल्या, काही गाडग्यांतून सापडल्या, आणि काही घरोघरच्या देव्हाऱ्यांत राहिल्या.

आता शिवराईचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. महाराजांच्या नावाच्या या नाण्यावर सन नाही आणि टाकसाळीचे नावही नाही. मोगली रुपयावर हिजरी सन, राज्यारोहणाचे वर्ष आणि टाकसाळीचे गाव असे सगळे कोरलेले असते. अभ्यासकाला ते वाचले की पुरते. शिवराईपाशी असा दाखला नाही. ती कोणत्या काळातील, कोणत्या टाकसाळीतील, याचा अंदाज तीन गोष्टींवरून बांधावा लागतो: अक्षरांचे वळण, बारीकसारीक चिन्हे आणि वजन. ‘शिव’ हा शब्द काही नाण्यांवर ‘शीव’ असा, काहींवर ‘सिव’ वा ‘सीव’ असाही आढळतो. ‘पति’ची वेलांटी कोठे ऱ्हस्व, तर कोठे दीर्घ असते. दुदांडीवर कधी फूल, कधी पान, कधी चंद्रकोर दिसते. आरंभीच्या शिवराया सामान्यतः अकरा-बारा ग्रॅमच्या आसपास भरतात. दुदांडी त्याहून हलकी असते. मराठी संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर करणारे रेव्हरंड जस्टिन ॲबट यांनी १९००च्या सुमारास हजारो शिवराया जमवून त्यांवरील अक्षरांचे भेद नोंदवले. त्यानंतर के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टाकसाळी व नाणी यांवरील इंग्रजी ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. या साऱ्या अभ्यासाचा पाया म्हणजे एखादी वेलांटी, एखादा ठिपका आणि ग्रॅमचे काही दशांश.

त्यात आणखी एक अडचण आहे. ही नाणी हाताने पाडलेली आहेत. तांब्याची चकती ठशाच्या मधे ठेवून वरून घणाचा घाव घालीत. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उमटे. एखाद्या शिवराईवर ‘राजा’ स्पष्ट, तर ‘श्री’ निम्मीच असते. दुसरीवर ठिपक्यांचे वर्तुळ एकाच कडेला दिसते. आधीच अपुरा असलेला हा मजकूर आपण आपल्या हाताने आणखी पुसू लागलो, तर अभ्यासकापुढे केवळ तांब्याची एक चकती उरते.

चिंचेने नेमके काय होते? तांबे हवेत राहिले, की प्राणवायूशी संयोग होऊन त्यावर तांबूस-तपकिरी थर चढतो. काळ जातो तसा तो गडद होतो. हवेतील ओलावा आणि कर्बवायू यांच्यामुळे पुढे त्यावर हिरवा थर येतो. आपल्या जुन्या भाषेत याला जंगाल म्हणतात. घट्ट बसलेला, गुळगुळीत, तपकिरी किंवा गडद हिरवा थर हा नाण्याचा शत्रू नसून कवच आहे. तो आतील धातूला पुढच्या झिजेपासून वाचवतो. शतकानुशतके मातीत राहिलेल्या नाण्याच्या बाबतीत तर याहून महत्त्वाची गोष्ट घडलेली असते. धातूचा वरचा भाग क्षारांत रूपांतरित होताना अक्षरांचा मूळ आकार त्या थरातच शिल्लक राहतो. म्हणजे ‘शिव’ ही अक्षरे पुष्कळदा तांब्यात उरलेलीच नसतात. ती जंगालात असतात. चिंचेतील टार्टरिक आम्ल आणि लिंबातील सायट्रिक आम्ल हा थर विरघळवतात. थर गेला, की त्यातील अक्षरेही गेली. खाली निघते ते खडबडीत, गुलाबी, उघडे तांबे; ते महिनाभरात पुन्हा मळते आणि ठिपक्याठिपक्यांनी काळवंडते. राख, विटेची पूड किंवा भांडी उजळण्याची पूड वापरली, तर आम्लाच्या जोडीला घर्षणही येते. वजन घटते, कडा झिजतात आणि वेलांटी सपाट होते. शिवराईच्या तिन्ही साक्षी अशा रीतीने एका घासणीत जातात.

मिठाचा धोका याहून मोठा आहे. चिंचेत किंवा लिंबात मीठ घालून तांबे घासण्याची रीत घरोघर आहे, आणि रोजच्या तांब्या-पातेल्यांना ती चालते, कारण ती वारंवार धुतली जातात. जुन्या नाण्याच्या बारीक छिद्रांत मात्र मिठातील क्लोराइड अडकून राहते. त्याचा तांब्याशी संयोग होऊन जो क्षार बनतो, तो दमट हवेत ओलावा आणि प्राणवायू घेऊन फिकट हिरव्या भुकटीत बदलतो आणि त्याबरोबर थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल मोकळे होते. ते आम्ल पुन्हा आतले तांबे खाते, पुन्हा तोच क्षार बनतो, आणि हे चक्र चालू राहते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलां बर्तेलो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या चक्राचा उलगडा केला. अभ्यासक याला ‘कांस्यरोग’ म्हणतात. तो निव्वळ तांब्यालाही जडतो. समुद्राकाठच्या दमट हवेत त्याचा जोर अधिक असतो. मुंबई, मद्रास वा कलकत्ता अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या कुटुंबांनी याची विशेष काळजी घ्यावयास हवी.

सुधारलेल्या जगालाही हे शहाणपण एकाएकी आले नाही. जुन्या धातुवस्तूंच्या रक्षणासाठी बर्लिनच्या राजकीय संग्रहालयात १८८८ साली फ्रिड्रिख राट्गेन यांच्याकडे स्वतंत्र रसायनशाळा सोपवण्यात आली. आपल्या देशात भारतीय पुरातत्त्व खात्याने १९१७ साली पुरातत्त्व-रसायनज्ञाची नेमणूक केली. त्या पदावर मुहम्मद सनाउल्ला होते. मद्रासच्या सरकारी संग्रहालयात १९३० मध्ये एस. परमशिवन यांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळा निघाली ती मुख्यतः तेथील कांस्यमूर्तींना लागलेल्या याच रोगामुळे. पुढे १९७६ साली लखनौ येथे सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. या सर्वांच्या अनुभवाचे सार एका वाक्यात सांगता येईल: जेवढे केल्यावाचून चालणार नाही तेवढेच करावे, आणि जे केले ते नोंदवून ठेवावे.

आता घरच्या घरी काय करता येईल ते पाहू. पहिला नियम असा, की नाण्यावर घट्ट, गुळगुळीत थर असेल आणि अक्षरे वाचता येत असतील, तर काहीही करू नये. माती, तेलकट मळ वा कुंकू चिकटून अक्षरे झाकली गेली असतील, तरच पुढचा उपाय योजावा. आरंभी नाण्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. सोनाराच्या काट्यावर वजन करून ते दशांशापर्यंत लिहून ठेवावे. मग काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाटीत ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यात नाणे बुडवून ठेवावे. मोटारीच्या बॅटरीत घालण्याचे क्षारमुक्त पाणी बाजारात मिळते, तेही चालेल. मात्र ते पाणीच असावे, आम्ल नव्हे, याची खात्री करून घ्यावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन व क्षार असतात. उकळल्याने क्षार जात नाहीत, उलट ते अधिक दाट होतात. म्हणून उकळलेले पाणी हा पर्याय नव्हे. एका वाटीत एकच नाणे ठेवावे. रोज पाणी बदलावे आणि आठवडाभर धीर धरावा. माती आपोआप सैल होते.

सैल झालेली माती लहान मुलांच्या मऊ दात घासण्याच्या ब्रशाने, ओल्या नाण्यावरच, अगदी हलक्या हाताने काढावी. अक्षरांच्या खाचेत अडकलेला कण बांबूच्या ओल्या काडीच्या टोकाने, भिंगातून पाहत, सुटला तर सोडवावा. न सुटल्यास तो तसाच राहू द्यावा. टाचणी, सुई, चाकू, तारेची घासणी यांपैकी काहीही नाण्याजवळ आणू नये. तेलकट थर असेल, तर ॲसिटोनमध्ये नाणे थोडा वेळ बुडवून ठेवावे. हा द्रव अत्यंत ज्वालाग्राही आहे; म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि शेगडी, समई वा उदबत्ती त्या खोलीत नसावी. शेवटी नाणे मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे, चोळू नये. आणि दिवसभर कोरड्या, उबदार जागी ठेवून पूर्ण वाळू द्यावे. जुन्या संग्राहकांत नाणी महिनोन् महिने तेलात भिजत घालण्याची पद्धत होती. तेलातील स्निग्धाम्ले जंगालावर मंदपणे परिणाम करतात आणि मागे चिकट थर उरतो. त्यामुळे जाणकार आता ती टाळतात.

कांस्यरोग ओळखण्याची खूण सोपी आहे. निरोगी जंगाल कठीण आणि गडद असतो. रोगट ठिपका फिकट हिरवा, पिठूळ आणि नखाने सुटणारा असतो. नाणे काही दिवस पांढऱ्या कागदावर ठेवल्यास त्यावर हिरवट भुकटी पडलेली दिसते. असे नाणे ताबडतोब इतर नाण्यांपासून वेगळे करून कोरड्या डबीत ठेवावे आणि जवळच्या संग्रहालयातील तज्ज्ञाला दाखवावे. या रोगावर बेंझोट्रायाझोल नावाचे रसायन १९६७ पासून वापरात आहे, परंतु ते विषारी आहे. त्याचा प्रयोग स्वयंपाकघरात करू नये.

आता देव्हाऱ्यातील शिवराईविषयी. हा प्रश्न श्रद्धेचा आहे आणि तो श्रद्धेनेच सोडवला पाहिजे. पंचामृतातील दह्याचे आम्ल, तुपातील स्निग्धाम्ले आणि रोजचे ओले कुंकू, ही सर्व तांब्यावर काम करीत असतात. काही घरांत नाणी काचेचे झाकण असलेल्या लहान डबीत ठेवून ती डबीच देवापुढे मांडतात; गंध-फूल डबीवर वाहतात आणि अभिषेकासाठी सुपारी किंवा नवे नाणे घेतात. पूजेत खंड पडत नाही आणि नाणेही शाबूत राहते. ज्या शिवराईला महाराजांच्या नावामुळे आपण पूज्य मानतो, तिच्यावरील ते नाव टिकवणे हाही पूजेचाच भाग आहे.

साठवणीविषयी थोडक्यात. बोटांच्या घामात क्षार असतात. म्हणून नाणे नेहमी कडांना धरावे. मऊ, लवचीक प्लॅस्टिकच्या पाकिटांतून कालांतराने आम्लयुक्त चिकट द्रव सुटतो आणि नाण्यावर हिरवट ओशट लेप बसतो. अशी पाकिटे वापरू नयेत. प्रत्येक नाणे आम्लरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवावे, सर्व पाकिटे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. पावसाळ्यात ती पुडी तपासून, गरम करून पुन्हा वापरावी. हवेतील सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली राहिली, तर कांस्यरोगाचे चक्र थांबते.

वरील विवेचन शिवराईपुरते मर्यादित नाही. महाराष्ट्राबाहेर मराठ्यांची सत्ता जेथे जेथे पोहोचली, तेथील तांब्याच्या नाण्यांनाही ते लागू आहे. इंदूरच्या होळकरांच्या नाण्यांवरील बसलेला नंदी, बडोद्याच्या तिसऱ्या सयाजीरावांच्या पैशावरील तलवार आणि घोड्याचा खूर, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांची प्रतिमा असलेला पाव आणा, आणि देवासच्या दोन्ही पवार घराण्यांची व्हिक्टोरिया राणीच्या मुद्रेची १८८८ सालची नाणी, ही सर्व बृहन्महाराष्ट्राच्या इतिहासाची कागदपत्रे आहेत. माळव्यात किंवा गुजरातेत दोनशे वर्षे नांदलेल्या घरांच्या जुन्या पेट्यांत ती आजही निघतात. इंग्रजी पैशांपैकी १९०६ पूर्वीचे तांब्याचे आणि त्यानंतरचे कांस्याचे असतात. दोहोंची निगा मात्र सारखीच.

कायद्याच्या दोन गोष्टीही ठाऊक असाव्यात. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने घातलेले आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना घरची शिवराई आठवण म्हणून पाठवण्याची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु छायाचित्र पाठवावे, नाणे येथेच राहू द्यावे.

शेवटी एक विनंती. प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी ठेवावी. तीत वजन, व्यास, दोन्ही बाजूंस वाचता आलेली अक्षरे, आणि नाणे कोणत्या गावाहून, कोणाकडून, कोणत्या पिढीत घरी आले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी अशा नोंदींचे मोल जाणणारे अभ्यासक असतात. आपापल्या मंडळातील सभासदांच्या घरी असलेल्या जुन्या नाण्यांची छायाचित्रांसह एक नोंदवही झाली, तर मराठी माणसे कोठून कोठे गेली आणि जाताना काय बरोबर घेऊन गेली, याचा एक विश्वसनीय पुरावा तयार होईल. नाण्यावर सन नाही, गाव नाही. निदान आपल्याला ठाऊक असलेले गाव तरी त्याच्याशेजारी लिहिलेले असावे. येत्या दसऱ्याला पूजेची भांडी जरूर घासावीत. शिवराई मात्र त्या परातीतून आधी बाजूला काढून ठेवावी.